डब्यातली पाच हत्यारे

आर्वीचा औद्योगिक इतिहास लिहायचा तर कापसापासूनच सुरुवात करावी लागते. पुलगाव-आर्वी ही ३५ किलोमीटरची नॅरोगेज गाडी १९१७ साली आली, तीही कापसासाठी. गाठी, भाव, मालक यांची नोंद कुठे ना कुठे सापडते. ऐन हंगामात जिनिंगच्या शाफ्टचे बूश झिजले, तर लेथवर नवे करून देणाऱ्याची नोंद कोण ठेवणार? माझे आजोबा असे फिटर होते. त्यांच्यामागे बिस्किटाच्या डब्यात लेथची पाच हत्यारे उरली. गेल्या वर्षी परसातल्या खोलीत मी जुना, लहानसा लेथ बसवला तेव्हा तो डबा उघडला.

हत्यार कोणत्या पोलादाचे, हे ठिणगी सांगते. धारेला धक्का नको म्हणून मी प्रत्येकाची शेपटी ग्राइंडरच्या चाकाला टेकवली. तिघांतून पिवळ्या-पांढऱ्या, फुटून फांद्या होणाऱ्या ठिणग्या उडाल्या. हे साधे कार्बन पोलाद. त्यातल्या दोहोंच्या अंगावर कानशीचे दात अजून दिसतात. म्हणजे झिजलेली कानसही वाया घालवली नव्हती. उरलेल्या दोघांच्या ठिणग्या मोजक्या, मंद तांबूस. हे हायस्पीड स्टील. त्याच्या एका प्रचलित प्रकारात १८ टक्के टंगस्टन, ४ टक्के क्रोमियम आणि १ टक्का व्हॅनेडियम असते.

या पोलादाचे मूळ परदेशात आहे. रॉबर्ट मशेटने १८६८ मध्ये इंग्लंडात टंगस्टनयुक्त पोलाद काढले. ते पाण्यात न बुडवता हवेतच कठीण होई. पुढे अमेरिकेतल्या बेथलेहेम कारखान्यात फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट यांनी तशा पोलादाला वितळबिंदूच्या जवळपास तापवून पाहिले. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात टोक लालबुंद होऊनही कापत राहणारी हत्यारे लोकांनी पाहिली. टेलरने १९०६ मध्ये आपल्या २६ वर्षांच्या प्रयोगांचा वृत्तान्त मांडला. त्या प्रयोगांत ८ लाख पौंडांहून अधिक लोखंड-पोलादाचा कीस झाला होता. त्याचा एक आग्रह मात्र मला खटकतो. कामगाराने आपले हत्यार स्वतः घासू नये, वेगळ्या विभागाने ठरलेल्या कोनात घासून द्यावे, असे त्याचे म्हणणे. मोठ्या कारखान्याच्या हिशेबाने बरोबर असेल. इथे तो वेगळा विभाग म्हणजे आजोबाच.

त्यांचे कोन वाचता येतात. हायस्पीडच्या एका हत्याराचा माथा अगदी सपाट आहे. पोलादासाठी माथ्याला मागे उतार देतात. पितळ किंवा गनमेटलसाठी तसा दिला तर हत्यार धातूत ओढले जाऊन रुतते. सपाट माथा म्हणजे बुशांचे काम.

पण प्रत्येक धारेबरोबर हत्यार आखूड होते आणि आधीचा कोन जातो. सर्वांत कामाची हत्यारे केव्हाच संपली असणार. डब्यात राहिली ती कमी वापरलेली. मीही या नासाडीत भर घातली. कानशीच्या एका हत्याराला घाईने धार लावताना टोक क्षणात निळे पडले, त्याचे पाणी उतरले. कार्बन पोलाद ३०० अंशांच्या आसपास असे नरमते, म्हणून ते घासताना सारखे पाण्यात बुडवायचे असते. हायस्पीड ६०० अंशांपर्यंत तग धरते. निळा भाग घासून काढला. त्याबरोबर आजोबांचा कोनही गेला.

सपाट माथ्याचे हत्यार मग मी वापरले नाही. पुढच्या अंगाची सूट मोजली, ८ अंश भरली. आकृती काढली आणि ते तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवले. विहिरीवरच्या पंपाचे बूश करायचे होते. त्यासाठी नवा तुकडा विकत आणला आणि त्याला तोच कोन दिला.