लायसनवरचा 'ट्रान्सपोर्ट' शिक्का आणि आपला ट्रॅक्टर-टेम्पो

ऊसतोडणी सुरू झाली की पारावर एक प्रश्न हमखास निघतो. कारच्या लायसनवर ट्रॅक्टर-ट्रॉली चालते का? पिकअप चालते का? चालते. पण हे पक्कं व्हायला तीस वर्षं गेली, ती हकिकत सांगतो.

१९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ ला लागू झाला. त्यात लायसनचे वर्ग बरेचसे वजनावर होते. हलकी गाडी म्हणजे ६००० किलोपर्यंत. त्यावर मध्यम आणि जड, त्यातही माल वेगळा, प्रवासी वेगळे. १९९४ च्या दुरुस्तीत हे वरचे चारही वर्ग काढले आणि एकच शब्द घातला, 'ट्रान्सपोर्ट वाहन'. हलक्या गाडीची मर्यादा ७५०० किलो केली. हेतू सोपं करण्याचा असेल, पण घोळ इथंच झाला.

भाजीचा छोटा टेम्पो वजनानं हलका, पण भाड्याचा माल वाहतो म्हणून ट्रान्सपोर्ट. मग लायसन कोणतं? आरटीओत वेगळा शिक्का मारून घ्यावा लागायचा. त्याला वय २० पूर्ण पाहिजे, आधी वर्षभर हलक्या गाडीचं लायसन पाहिजे, आणि दर ३ वर्षांनी नूतनीकरण (२०१९ च्या दुरुस्तीनं ते ५ झालं). शिक्का नसताना अपघात झाला की विमा कंपनी हात वर करायची. कित्येक निकालांत हुकूम व्हायचा की कंपनीनं जखमीला आधी पैसे द्यावेत, मग मालकाकडून वसूल करावेत. म्हणजे हप्ते वेळेवर भरलेले, ड्रायव्हर चांगला, तरी भरपाई मालकाच्या सातबाऱ्यावर! आमच्याकडं एकानं यापायी अर्धा एकर विकलेला मी पाहिलाय.

ट्रॅक्टरचं त्यातल्या त्यात बरं होतं. केंद्रीय नियमांत शेतीचा ट्रॅक्टर नॉन-ट्रान्सपोर्टच आहे, आणि त्याचं वजन रिकाम्याचं धरतात, म्हणजे दोन-अडीच टन. तरी मागं भरलेली ट्रॉली असली की कंपन्या वाद घालायच्याच. २००१ मध्ये नागशेट्टी खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ट्रॅक्टरचं लायसन असेल तर मालाची ट्रॉली जोडल्यानं ते रद्दबातल होत नाही.

टेम्पोवाल्यांना मात्र आणखी थांबावं लागलं. २०१७ मध्ये मुकुंद देवांगन खटल्यात तीन न्यायाधीशांनी निकाल दिला की ७५०० किलोपर्यंतच्या ट्रान्सपोर्ट गाडीला वेगळा शिक्का नको. विमा कंपन्यांनी त्यावरही हरकत घेतली. शेवटी ६ नोव्हेंबर २०२४ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं तेच कायम केलं.

आता एवढं करा. पिकअप-टेम्पोच्या आरसीवर ग्रॉस वेट बघा, म्हणजे मालासकट परवानगीचं वजन. ते ७५०० च्या वर असेल तर ट्रान्सपोर्ट लागणारच. ई-रिक्षा आणि धोकादायक मालाच्या गाड्यांचे नियम वेगळे आहेत. आणि ड्रायव्हरच्या लायसनची मुदत हंगामाआधी स्वतः डोळ्यांनी बघा, त्याच्या तोंडी सांगण्यावर राहू नका.