फुटलेला ‘वै’

गेल्या पावसाळ्यात माझ्या कादंबरीचे बाड पुरे झाले. बाड म्हणायचे ते जुन्या सवयीने; प्रत्यक्षात ती संगणकातली एकच एक लांबलचक फाइल. ती तपासायला तिघा मित्रांना वाटून द्यायची होती. माझा एक जुना विद्यार्थी सुटीत पवनीला आला होता. “सर, तुकडे करून देतो ना जी,” म्हणत त्याने काळी खिडकी उघडली आणि एक आज्ञा दिली : ‘स्प्लिट’. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच तीन तुकडे तयार!

दुसरा तुकडा उघडला आणि माझ्या पोटात गोळा आला. आरंभीच दोन चौकोनी ठिपके. पहिल्या तुकड्याच्या शेवटीही तसाच एक. ‘वैनगंगा’ या शब्दातला ‘वै’ बरोबर मधोमध फुटला होता! चार वर्षांच्या मेहनतीत आणखी काय काय फुटले असेल, या धास्तीने मी त्या रात्री जेवलो नाही.

या आज्ञेचा इतिहास मोठा गमतीचा आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जन्मलेल्या युनिक्स प्रणालीत ती १९७३ साली आली. त्या काळच्या यंत्रांची स्मरणशक्ती बेताची. १९७९ च्या आवृत्तीतल्या ‘एड’ या संपादकालाही जेमतेम सव्वा लाखाच्या आसपास अक्षरे पेलत. सबब मोठा मजकूर कापणे भागच होते. काही न सांगता सोडले, तर ‘स्प्लिट’ हजार-हजार ओळींचे तुकडे करते आणि त्यांना ‘एक्सएए’, ‘एक्सएबी’ अशी क्रमाने नावे देते. ओळीवर कापले, तर अक्षराला धक्का लागत नाही. आमच्या पठ्ठ्याने कापले ते बाइटवर! इंग्रजीचे अक्षर एका बाइटात मावते, आपले देवनागरी चिन्ह तीन बाइट घेते. ‘वैनगंगा’ लिहायला काना, मात्रा, अनुस्वार धरून सात चिन्हे, म्हणजे एकवीस बाइट लागतात. कात्रीला त्याचे काय? मौज अशी की, ही मांडणी १९९२ साली ज्या दोघांनी बसवली, त्यांतले केन थॉम्पसन हे युनिक्सचेही एक जनक.

मला त्या रात्री राहून राहून लीळाचरित्र आठवत होते. आमच्या भंडाऱ्याचे नीळभट्ट भांडारेकार चक्रधरांचे शिष्य, म्हणून या ग्रंथाशी आमची थोडी घरोब्याची ओढ. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात लीळा गोळा केल्या. पुढे केशिराजबासांनी त्यांतून चक्रधरांची वचने तेवढी वेगळी काढून सूत्रपाठ रचला. केवढे नाजूक काम! वचन हाती आले, पण ते कोण्या प्रसंगी, कोणाला उद्देशून निघाले, हे मागे राहिले. मग तो प्रसंग सांगायला पंथीयांना निराळे लेखन करावे लागले. त्यातच खिलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ प्रत गेली. ज्याला जे आठवले ते त्याने सांगितले, आणि पाठ अनेक झाले. विसाव्या शतकात ह. ना. नेने, वि. भि. कोलते यांच्यासारख्या संशोधकांना पोथ्यांशी पोथ्या ताडून पाहत बसावे लागले, ते यामुळेच. जोडायचा धागाच तुटला होता.

सकाळी विद्यार्थी आला. माझा चेहरा पाहून हसला. “फुटलं नाही सर, नुसतं वेगळं झालं,” असे म्हणून त्याने ‘कॅट’ ही दुसरी आज्ञा देऊन तिन्ही तुकडे क्रमाने जोडले. मूळ फाइलचे आणि जोडलेल्या फाइलचे बाइट मोजले. एकाचाही फरक नव्हता. मग एकेक बाइट ताडून पाहणारी आज्ञा दिली. तीही मुकाट्याने परतली, म्हणजे सारे जुळले.

तरी मी त्याला उठू दिले नाही. नदीचे प्रकरण उघडायला लावले आणि ‘वैनगंगा’ चष्मा लावून स्वतः वाचली. मग त्याने पुन्हा तुकडे केले. या खेपेस ओळींवर.