सोबत कोण आहे?



मागच्या साली कापसाची वेचणी आटोपली आणि आमच्या बचत गटातल्या नऊ जणींनी पवनारला जाऊन यायचं ठरवलं. यवतमाळहून वर्धा, वर्ध्याहून पवनार. काही सातासमुद्रापार नाही. पण घरी विचारलं तर नऊही घरांतून एकच प्रश्न आला, "सोबत कोण आहे?" आम्ही म्हटलं, नऊ जणी आहोत ना. त्यावर पुन्हा, "ते खरं, पण सोबत कोण?" म्हणजे पुरुष माणूस कोण. नऊ बाया मोजणीत धरल्याच नाहीत.

तेव्हापासून आम्ही या प्रश्नाच्या मागे लागलो. आपल्या आधीच्या बाया कुठं गेल्या, कशा गेल्या, कुणासोबत गेल्या? जुन्या बायांना विचारलं, पुस्तकांत पाहिलं. जे हाती लागलं ते आज सांगतो.

सुरुवात वारीपासून करू. अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर आहे, रुक्मिणीचं माहेर. तिथून रुक्मिणीमातेची पालखी पायी पंढरपूरला जाते. १५९४ सालापासून ही वारी चालू आहे असं सांगतात. महिनाभराची चाल. डोक्यावर तुळस, काखेत बोचकं, बोचक्यात एक लुगडं, तांब्या आणि थोडं पीठ.

आता शहरातल्या मुली पाठीवर सॅक अडकवून गावोगाव हिंडतात. वाटेत कुणी भेटलं की मैत्री करतात आणि पुढचा मुक्काम एकत्र करतात. आपल्याला ते नवं वाटतं. पण दिंडीतल्या बाईचं याहून वेगळं काय होतं? पहिल्या दिवशी शेजारची बाई अनोळखी. नाव ठाऊक नाही, म्हणून "माउली" म्हणायचं. तिसऱ्या मुक्कामाला तिच्या सुनेचं नाव, तिच्या गुडघ्याचं दुखणं, तिच्या विहिरीचं पाणी, सगळं ठाऊक. परतताना दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडायच्या.

मात्र एक गोष्ट खरी आहे. देवाचं नाव होतं म्हणून ती वाट मोकळी होती. त्यातही आषाढी म्हणजे पेरणीचे दिवस. लहान लेकरं असलेली, शेतात राबणारी तरणी बाई कशी जाणार? बहुतेक जायच्या त्या सुना आलेल्या, नाहीतर मागं कुणी नसलेल्या.

मग आली आपली शकुंतला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यवतमाळ ते मूर्तिजापूर अशी अरुंद रुळांची ही गाडी सुरू झाली. अंतर सुमारे ११३ किलोमीटर. किलिक निक्सन या इंग्रजी कंपनीने ती बांधली, ती काही बायांना माहेरी पोचवायला नाही. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरला न्यायचा, तिथून मुंबईला आणि पुढे इंग्लंडच्या गिरण्यांत, यासाठी तो लोखंडी रस्ता होता. पण एकदा गाडी आली की माणसं बसणारच. दारव्हा, कारंजा करत ती इतकी हळू जायची की डब्यात शिदोऱ्या सुटायच्या, लेकरं एकमेकींच्या मांडीवर झोपायची, सोयरिकी निघायच्या. मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं तिचं वाफेचं इंजिन एप्रिल १९९४ पर्यंत धावलं, मग डिझेल आलं. आता काही वर्षांपासून गाडी बंदच आहे. आमच्या गटातल्या एका आजी सांगतात, "घरी बोलायची सोय नव्हती. गाडीत मात्र पोटभर बोललो."

आता ऐका दोन गोष्टी, ज्यांत देवाचंही निमित्त नव्हतं आणि माहेराचंही.

पवनारचे विनोबा भावे १९५१ साली पायी तेलंगणात गेले. १८ एप्रिलला पोचमपल्ली गावात भूमिहीनांसाठी १०० एकर जमीन मिळाली आणि भूदान सुरू झालं. मग ते तेरा वर्षं देशभर चालत राहिले. १९५२ साली त्यांच्यासोबत एक नागपूरची मुलगी चालू लागली, निर्मला देशपांडे. मराठी लेखक पु. य. देशपांडे यांची लेक, जन्म १९२९ चा. तेविशीच्या आतबाहेरची, शिकलेली, लग्न न केलेली मुलगी रोज नव्या गावात मुक्काम करते, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. पदयात्रेची रीत अशी: पहाटे अंधारात निघायचं, उन्हं चढायच्या आत पुढचं गाव गाठायचं, गाव देईल ते खायचं, देईल तिथं निजायचं, सभा घ्यायची, दुसऱ्या पहाटे पुन्हा वाट. निर्मलाताई अशा सुमारे ४०,००० किलोमीटर चालल्या. पुढे राज्यसभेवर गेल्या, भारत आणि पाकिस्तानातल्या लोकांनी एकमेकांशी बोलावं म्हणून झटल्या. २००६ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. २००८ साली त्या गेल्या.

भूदानात सगळं गोड झालं असं नाही. मिळालेली बरीच जमीन नापीक निघाली, बरीचशी वाटलीच गेली नाही. पण त्या वाटेवर बाया चालल्या, हे पुसता येत नाही.

दुसरी गोष्ट आमच्या प्रश्नाला थेट उत्तर देणारी आहे. १९६७ साली विनोबांच्या प्रेरणेनं चार बाया लोकयात्रेला निघाल्या. हेमा भराली, लक्ष्मी फुकन, निर्मला वेद आणि देवी रिझवानी. पहिल्या दोघी आसामच्या. चौघींची मायबोली एक नाही, नातं नाही, गोत नाही. संकल्प केला बारा वर्षं देशभर पायी फिरण्याचा, बायांना त्यांच्या ताकदीची जाणीव करून देण्याचा. लोकयात्रा १९७९ पर्यंत चालली. निघताना हेमाताईंचं वय ४८ होतं. आपल्याकडे या वयाच्या बाईला म्हणतात, "आता कुठं जातं, बस घरी." हेमाताईंना २००५ साली पद्मश्री मिळाली.

त्यांना कुणी विचारलं असेल का, सोबत कोण आहे? विचारलंच असेल. उत्तर समोर उभं होतं. एकीच्या सोबत तिघी.

हे सगळं वाचताना आमच्याच मनात एक गोष्ट टोचली. आपल्या जिल्ह्यातल्या बाया फिरत नाहीत असं कुठं आहे? तांड्यांवरच्या, वस्त्यांवरच्या कितीतरी जणी ऊसतोडीला दूर जातात. अर्ध्या रात्री ट्रकमध्ये बसतात, लेकरं सोबत नेतात. तेव्हा बाई लांब जाते म्हणून कुणाच्या कपाळाला आठी पडत नाही. कामाला निघालेल्या बाईला वाट मोकळी, पाहायला निघालेल्या बाईला मात्र सोबत पाहिजे. हा हिशेब आपण एकदा घरात बसून मांडला पाहिजे.

आज वाट पूर्वीपेक्षा सोपी आहे. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे. ७५ वर्षांवरच्यांना तर तिकीटच नाही. २८ फेब्रुवारी २०२४ ला वर्धा ते कळंब रेल्वे सुरू झाली. कळंबला चिंतामणी आहे, उमरखेडकडे पैनगंगेवर सहस्रकुंडाचा धबधबा आहे.

आणि हो, आम्ही पवनारला गेलो. नऊच जणी. धाम नदीच्या काठी आश्रम आहे. १९५९ साली विनोबांनी बायांसाठी तिथं ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं. नदीकाठी बसलो तेव्हा दुसऱ्या गावच्या पाच जणी भेटल्या. त्यांची चटणी, आमची भाकर. परतीच्या एसटीत चौदा जणी एकत्र. उतरताना फोन नंबर घेतले. सहस्रकुंडाला पाणी आलं की सगळ्या मिळून जायचं ठरलं आहे.

मैत्रिणींनो, एक काम करा. येत्या बैठकीत गटातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा, आजी, तुम्ही सगळ्यात लांब कुठं गेल्या होत्या आणि वाटेत कोण भेटलं होतं? ती काय सांगते ते लिहून ठेवा, आम्हालाही कळवा. आणि पुढच्या खेपेला घरी कुणी विचारलं, सोबत कोण आहे, तर एकेकीचं नाव घेऊन सांगा.