जुने चाकी लोडर

चाकी लोडर हे पुढील बाजूस उचलती बकेट असलेले, माती, वाळू व खडी भरण्याचे यंत्र आहे. अमेरिकेतील फ्रँक हफ यांच्या कंपनीने १९४७ मध्ये चारही चाकांना गती मिळणारा हायड्रॉलिक लोडर आणला. कॅटरपिलरचा पहिला चाकी लोडर (९४४) १९५९ मध्ये आला. भारतात हिंदुस्तान मोटर्सने तमिळनाडूतील तिरुवल्लूर येथे लोडर बनवले. पुढे हा कारखाना कॅटरपिलरकडे गेला.

ओळख

रंग व नाव नंतर बदललेले असू शकते. त्यामुळे केवळ त्यांवरून निर्मितिवर्ष ठरवता येत नाही. चेसिसवरील क्रमांकाची इंजिन, गिअरबॉक्स व अ‍ॅक्सलवरील क्रमांकांशी पडताळणी करतात. अखंड चेसिस व मागील चाकांनी वळण ही बहुधा जुन्या रचनेची खूण असते. मधल्या सांध्यावर वळणारी रचना १९६०च्या दशकात रूढ झाली.

पुनर्बांधणी

प्रथम पिन-बुश, हायड्रॉलिक नळ्या व ब्रेक तपासतात. रंगकाम शेवटी करतात. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ती धूळ हवेने उडवू नये. उचललेल्या बकेटखाली भक्कम आधाराविना जाणे आणि हवा न काढता जोड-रिमचे चाक खोलणे प्राणघातक ठरू शकते. मूळ क्रमांकपट्टी नष्ट झाल्यास यंत्राची ओळख पटवणे अवघड होते. म्हणून ती जपतात.