मॅरॅथॉनपासून गोळेश्वरपर्यंत

ग्रीस देशाचे नाव घेताच सॉक्रेटिस, अलेक्झांडर आणि ऑलिंपियाचे क्रीडांगण आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु हा प्राचीन देश कित्येक शतके तुर्कांच्या अमलाखाली होता, १८२१ साली त्याने स्वातंत्र्ययुद्ध पुकारले आणि १८३० साली युरोपातील बड्या राष्ट्रांनी त्याचे स्वातंत्र्य मान्य केले, हे आपणांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. स्वातंत्र्य मिळाले, पण तिजोरी रितीच राहिली. १८९३ साली तर राज्याचे दिवाळे वाजले. अशा हलाखीत १८९६ साली आधुनिक काळातील पहिले ऑलिंपिक सामने अथेन्स नगरीत भरविण्याचे ठरले. त्या वेळी धावून आला तो जॉर्ज अ‍ॅव्हेरोफ. हा ग्रीक व्यापारी मिसर देशातील अलेक्झांड्रिया शहरी स्थायिक झालेला होता. त्याने नऊ लाखांहून अधिक द्राख्मा देऊन अथेन्सच्या पुरातन क्रीडांगणाचा संगमरवरात जीर्णोद्धार करविला. परमुलखात मिळविलेले धन मायभूमीच्या मैदानासाठी वेचणारा असा पुरुष विरळाच.

सामने सुरू झाले, पण यजमानांच्या वाट्याला मैदानी शर्यतींत एकही विजय येईना. ग्रीकांचे म्हणून मानले गेलेले थाळीफेकीचे पारितोषिकही एका अमेरिकन विद्यार्थ्याने पटकाविले. उरली होती ती मॅरॅथॉनची दौड. इ. स. पूर्व ४९० मध्ये मॅरॅथॉनच्या रणभूमीवर इराणी फौजेचा पाडाव झाल्याची वार्ता घेऊन एक दूत अथेन्सपर्यंत धावला व वार्ता सांगून गतप्राण झाला, या आख्यायिकेवरून सुमारे ४० किलोमीटरची ही शर्यत योजिलेली होती. १० एप्रिल १८९६ रोजी ती जिंकली मारूसी गावच्या स्पिरिडॉन लुईस याने, २ तास ५८ मिनिटे ५० सेकंदांत. हा गडी कोणी सरदारपुत्र नव्हे; मारूसीहून अथेन्सला पाणी वाहून नेऊन विकणे हा त्याच्या घरचा धंदा. तो क्रीडांगणात शिरताच दोन राजपुत्र खाली उतरून त्याच्या बरोबरीने अखेरपर्यंत धावले. वाटेत त्याने पेलाभर द्राक्षासव घेतल्याचीही कथा आहे. ती वर्गात सांगावी की गाळावी, असा पेच मज शिक्षकास नेहमी पडत असे. पुढे लुईस गावी परतला, शेती केली, काही काळ पोलिसात नोकरी केली.

आता आपल्या देशाकडे वळू. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानी सामन्यांचे अध्यक्षस्थान सर दोराबजी टाटा यांनी भूषविले होते. खेड्यापाड्यांतून आलेले शेतकरी गडी अनवाणी पायांनी धावत आहेत आणि त्यांची वेळ युरोपातील धावपटूंच्या वेळेच्या जवळपास जात आहे, हे पाहून ते थक्क झाले. यातील काहींना ऑलिंपिकला धाडावयाचेच, असा त्यांनी निश्चय केला व खर्चाचा मोठा भार स्वतः उचलला. १९२० साली बेल्जममधील अँटवर्प येथे जो लहानसा भारतीय संघ गेला, त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले, दातार, कैकाडी, तसेच कुमार नवले व रणधीर शिंदे हे मल्ल होते. चौगुले यांनी मॅरॅथॉन २ तास ५० मिनिटांत पुरी करून १९ वा क्रमांक मिळविला. स्पर्धा निरनिराळ्या, मार्गही निरनिराळे, तेव्हा तुलना जपूनच करावी; तरीही लुईसच्या वेळेहून ही वेळ कमी आहे आणि अँटवर्पचे अंतर अथेन्सहून अधिक होते, एवढे नमूद केल्यावाचून राहवत नाही. शिंदे यांचा कुस्तीत चौथा क्रमांक आला. त्यांचे कांस्यपदक हुकले ते ब्रिटनच्याच मल्लाकडून. राज्य त्यांचे, पदकही त्यांचे!

१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकचे स्मरण आपल्या वऱ्हाडाला विशेषच हवे. अमरावती, अकोला, यवतमाळ आणि आपला बुलढाणा हे जुन्या वऱ्हाडाचे चार जिल्हे. त्यांतील अमरावतीस वैद्य बंधूंनी १९१४ साली स्थापिलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक बर्लिनला गेले व तेथे त्याने कबड्डी आणि देशी व्यायामाची प्रात्यक्षिके करून दाखविली. त्याच सोहळ्यात ग्रीसचा वयोवृद्ध लुईस राष्ट्रीय वेषात उपस्थित होता आणि त्याने ऑलिंपियाहून आणलेली ऑलिव्हची डहाळी हिटलरच्या हाती दिली. त्याच हिटलरच्या फौजांनी १९४१ साली ग्रीस पादाक्रांत केला. ते पाहण्यास लुईस उरला नव्हता; १९४० सालीच तो निवर्तला होता.

परंतु या साऱ्या वृत्तान्तात ज्याचे चरित्र लुईसशी सर्वाधिक जुळते, तो आपला खाशाबा दादासाहेब जाधव. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल. १९४८ साली लंडनला त्याचा सहावा क्रमांक आला. तेथे प्रथमच गादीवरच्या कुस्तीशी गाठ पडलेली, मातीतल्या गड्यास ती नवखीच. चार वर्षांनी हेलसिंकीला जाण्याची वेळ आली तेव्हा पैशाची अडचण उभी राहिली. गावकऱ्यांनी व कराडच्या व्यापाऱ्यांनी यथाशक्ति वर्गणी दिली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅ. खर्डेकर यांनी आपले राहते घर ७००० रुपयांस गहाण टाकले. १९५२ च्या जुलैत खाशाबाने बँटमवेट गटात कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. एक दीर्घ कुस्ती होताच विश्रांती न देता त्यास रशियन मल्लापुढे उभे केले आणि त्याच्या वतीने हरकत घेण्यास आपला एकही अधिकारी हजर नव्हता, असे सांगतात. गावी परतल्यावर १०१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पाठोपाठ त्याने कुस्त्या लढविल्या आणि आलेल्या उत्पन्नातून खर्डेकरांचे घर सोडवून दिले. मला पदकाइतकीच ही गोष्ट मोठी वाटते. पुढे तोही लुईसप्रमाणे पोलिसात गेला. १९८४ साली तो अपघातात वारला आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. महाराष्ट्राला दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळण्यास ७२ वर्षे लागली. २०२४ साली पॅरिसला स्वप्निल कुसाळे याने नेमबाजीत ते आणले.

आपल्या जिल्ह्याचे म्हणाल तर २०२३ च्या मे महिन्यात बुलढाण्याच्या प्रथमेश जावकर या धनुर्धराने शांघायच्या विश्वचषकात जगातील अग्रगण्य नेदरलँड्सच्या माइक श्लोसर यास एका गुणाने, १४९ विरुद्ध १४८ असे नमविले, आणि त्याच वर्षी हांगझोच्या आशियाई सामन्यांत भारतीय संघासह सुवर्णपदक मिळविले. या खेळातील आधुनिक धनुष्य लाखाच्या घरात जाते, हे ज्ञातिबांधवांनी लक्षात घ्यावे. दोन एकर कोरडवाहू असलेल्या घरात ते येणार कोठून?

आपल्या मंडळाच्या गुणगौरव समारंभात आजवर दहावी-बारावीच्या टक्क्यांचाच सत्कार होत आला आहे. तो व्हावाच. परंतु शिष्यवृत्ती निधीतील एक हिस्सा मैदानावरील मुलामुलींसाठी वेगळा ठेवावा, असा लेखी ठराव मी कार्यकारिणीकडे पाठविला असून, अर्जदार आपल्याच ज्ञातीचा असावा ही अट त्यात मुद्दामच घातलेली नाही. त्यावर काही सभासदांनी नापसंती कळविली आहे. पैसा आपला, तेव्हा लाभही आपल्याच मुलांना मिळावा, हे त्यांचे म्हणणे अगदीच गैर आहे असे मी म्हणत नाही. मात्र खर्डेकरांनी घर गहाण टाकताना विद्यार्थ्याची जात विचारल्याचे माझ्या तरी वाचनात आलेले नाही. ठराव येत्या सर्वसाधारण सभेपुढे येईल. सभासदांनी सहकुटुंब उपस्थित राहून मत द्यावे, ही विनंती.