कुलूप, किल्ली आणि केर्कहॉफ्सचे सूत्र

१८८३ साली ऑगस्ट केर्कहॉफ्स या डच भाषापंडिताने लष्करी गुप्तलेखनावर एक फ्रेंच निबंध लिहिला. सांकेतिक पद्धती शत्रूच्या हाती पडली तरी संदेश सुरक्षित राहिला पाहिजे. गुपित असावे ते केवळ किल्लीचे, हे त्याचे सूत्र. त्याची कसोटी आपल्या काळात लागली.

१९९५ मध्ये युरोपीय दूरसंचार मानक संस्थेने ‘टेट्रा’ हे मानक प्रसृत केले. मोजक्या रेडिओ-वाहिन्या गरजेनुसार अनेकांना वाटून देणारी ही अंकीय व्यवस्था कित्येक देशांच्या पोलिसांनी स्वीकारली. तिच्यातून बोलणे जाते, तसे गस्तीच्या वाहनाचे अक्षांश-रेखांशही जातात. मजकूर सांकेतिक आहे की उघडा, याची खूण संदेशाच्या शिरोभागी उघडच असते. लखोट्यावरचा पत्ता पोस्टमनला वाचता यावाच लागतो. त्यात दोष नाही.

दोष होता तो कुलपाची घडणच झाकून ठेवण्यात. गुप्ततेचा करार केल्याशिवाय ती कोणास पाहता येत नसे. डच संशोधकांनी ती उकलली, आणि २०२३ मध्ये ‘टीईए-१’ या पद्धतीतील ८० बिटांची किल्ली प्रत्यक्षात ३२ बिटांवर आणली जाते, असे उघड झाले. शक्यता उरल्या सुमारे ४२९ कोटी. आजच्या संगणकाला त्या तपासणे अवघड नाही. मग पोलिसांचे वाहन कोठे उभे आहे, हे परक्यालाही कळू शकते.

त्याच वर्षी नोव्हेंबरात संस्थेने या पद्धती जाहीर करण्याचा आपला निर्णय कळविला. केर्कहॉफ्सचे म्हणणे पटण्यास १४० वर्षे लागली. जे तपासू दिले जात नाही, त्यावर विश्वास ठेवावा कसा, हा प्रश्न मात्र केवळ रेडिओपुरता नाही.