नायकावांचून खलपुरुष

रामावांचून रावणाची कथा सांगतां येईल काय, असें कोणीं विचारल्यास आपण तो प्रश्न थट्टेवारी नेऊं. परंतु इंग्लंडांतील एका बालसाप्ताहिकानें १९६५ ते १९६७ या काळांत तसें प्रत्यक्ष करून दाखविलें; आणि मौज अशी कीं, ही कल्पना कोणा साहित्यपंडितास सुचलेली नसून स्वामित्वहक्कांच्या वांटणींतून आपोआप उद्भवली.

बी. बी. सी.च्या दूरचित्रवाणीवर 'डॉक्टर हू' ही एका कालप्रवाशाची कथामाला २३ नोव्हेंबर १९६३ रोजीं सुरू झाली. पुढच्याच महिन्यांत तींत 'डालेक' अवतरले. धातूचें कवच, पुढें आलेला एकच डोळा, घोगरा यांत्रिक स्वर, आणि आंत दयामाया हरपलेला एक विकृत जीव, असें त्यांचें स्वरूप. आपल्याहून भिन्न जें जें जिवंत आहे त्याचा उच्छेद करावा, एवढेंच त्यांचें तत्त्वज्ञान. त्यांचा जनक टेरी नेशन १९३० सालीं कार्डिफ येथें जन्मला. म्हणजे त्याचें शाळकरी वय दुसऱ्या महायुद्धांत गेलें. डालेकांच्या जातिशुद्धीच्या वेडावर नाझींची छाया दिसते, ती उगीच नव्हे.

कवचाचा आराखडा रेमंड क्युसिक याचा. परंतु तो पगारी नोकर असल्यामुळें पुढील अमाप उत्पन्नांत त्यास वांटा मिळाला नाहीं. नेशननें मात्र आपल्या सृष्टीवरील हक्काचा भाग राखून ठेवला होता. परिणामीं डॉक्टरची चित्रकथा १९६४ सालीं 'टीव्ही कॉमिक' या साप्ताहिकाकडे गेली, आणि डालेक जानेवारी १९६५ मध्यें निघालेल्या 'टीव्ही सेंच्युरी २१' कडे आले. नायक एका घरीं, खलपुरुष दुसऱ्या घरीं!

साप्ताहिकाच्या मागील पानावर, रंगांत, ही कथा १०४ अंक चालली. तिचें बहुतेक लेखन मूळ मालिकेचा पहिला कथासंपादक डेव्हिड व्हिटेकर याचें. चित्रकारांत रिचर्ड जेनिंग्ज आणि रॉन टर्नर हे प्रमुख. आरंभ स्कारो ग्रहावर होतो. तेथील बुटके, निळ्या कांतीचे लोक शेजारच्या थाल जातीचा संहार करूं पाहतात. यार्व्हेलिंग नांवाचा शास्त्रज्ञ त्यासाठीं युद्धयंत्र घडवितो. परंतु शत्रूसाठीं सिद्ध केलेल्या न्यूट्रॉन बाँबांचा स्फोट घरींच होतो, आणि वांचलेला एक विकृत जीव त्या यंत्रांत शिरतो. तोच पुढें सुवर्णमय, प्रचंड मस्तकाचा सम्राट होतो. म्हणजे राक्षस आकाशांतून पडला नाहीं. तो माणसांनींच, आपल्या हातांनीं घडविला.

येथपर्यंत बोध स्पष्ट आहे. अडचण पुढें आहे. डॉक्टर नसल्यामुळें कथेचा भार सम्राटावरच पडला. त्याच्या चिंता, त्याचे डावपेंच, त्याचे शत्रू यांवर प्रकरणें उभीं राहिलीं. एका प्रकरणांत झेग नांवाचा डालेक एका अपघातामुळें जवळजवळ अभेद्य होऊन सम्राटपदास आव्हान देतो, आणि सम्राट बुद्धीच्या बळावर त्याला जिंकतो. वाचतांना आपण नकळत सम्राटाची बाजू घेतों. आणि मग दचकून विचारतों, आपण हें कोणाचा जयजयकार करीत आहों? ज्या मुलांच्या आईबापांनीं वीस वर्षांपूर्वीं लंडनच्या तळघरांत रात्री काढल्या, त्यांच्याच हातीं हें पान होतें.

यावरून अशा कथा त्याज्य ठरवाव्या, असें मला वाटत नाहीं. आपल्याकडे भासानेंहि 'ऊरुभंगां'त दुर्योधनास नायकपद दिलें. परंतु त्यानें मरणकाळीं त्यास पश्चात्ताप दिला. डालेकास पश्चात्ताप देतां येत नाहीं, कारण तो त्याच्या रचनेंतच नाहीं. म्हणून तेथें बोधाचा सारा भार उगमकथेवर येतो. ती दोन-तीन पानेंच मुलाला सांगतात कीं, या कवचाच्या आंत पूर्वीं कोण होतें.

पुढें १९७५ सालीं खुद्द नेशननें दूरचित्रवाणीवर डालेकांचा निराळाच जन्म सांगितला. त्यांत डाव्हरॉस हा त्यांचा निर्माता ठरला आणि यार्व्हेलिंगला जागा उरली नाहीं. परंतु नांव बदललें तरी गोष्ट तीच राहिली: द्वेषानें आंधळा झालेला एक शास्त्रज्ञ, आणि त्याच्यावरच उलटलेलें त्याचें यंत्र. खलपुरुषाची कथा मुलांस अवश्य वाचूं द्यावी. मात्र ती पहिल्या पानापासून वाचूं द्यावी.